घर काढा, संसार घाला

आमच्या बसथांब्याचं नाव ‘मोठं घर’ आहे आणि तिथे घर म्हणावं असं काहीही नाही. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला गाड्या लावायची जागा, आणि मधे पत्र्याचं एक छप्पर, ज्याखाली उभं राहून लोक न आलेल्या बसला शिव्या देतात. नोकरीची सगळी वर्षं मी या थांब्यावर चढले-उतरले, पण नावाकडे कधी लक्ष दिलं नाही. निवृत्त झाल्यावर एकदा, गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई मला तिथे भेटल्या.

“मोठं घर कुठाय हो?”

“नाहीये,” मी म्हटलं.

“मग नाव कसं?”

मला सांगता येईना. आणि विचारलेलं सांगता न येणं हा प्रकार माझ्या स्वभावाला झेपत नाही.

मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि त्यांच्या चुका काढायच्या. माझी धाकटी बहीण म्हणते, “लोक हे काम फुकट करतात, तुला त्याचा पगार मिळाला.” कचेरीत मला पाठीमागे ‘कानामात्रा’ म्हणायचे. मला ते नाव आवडायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. आमची कामाची पद्धत अशी, की एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून ऐकायचं, आणि फरक आला की तिथल्या तिथे बरोबर शब्द बोलायचा. थांबायचं नाही, विचार करायचा नाही, समोर कोण आहे हे बघायचं नाही. ही सवय हाडात मुरते. बातम्या ऐकताना मी अजूनही टीव्हीशी बोलते.

तर मी मोठ्या घराच्या मागे लागले, आणि मागे लागले म्हणजे हात धुऊन. नगरपालिकेच्या कचेरीत जुने नकाशे बघायला गेले, तर तिथल्या कारकुनाने मला या खिडकीतून त्या खिडकीत फिरवून शेवटी पहिल्याच खिडकीशी आणून सोडलं. नकाशात टेकाडावर एक ठळक चौकोन होता, पुढे लांबलचक रस्ता, मागे विहीर. त्या काळी वस्ती खाली होती आणि हे घर बाहेर, शेताच्या कडेला एकटं. मग वस्ती सरकत सरकत त्याच्या अंगावर आली. माझ्या जुन्या कचेरीतल्या धूळ खात पडलेल्या फायलींत एक छायाचित्रही सापडलं. दुमजली घर, रुंद ओसरी, ओसरीला पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या बरोबर मधोमध विटांची एक भिंत, तशीच सरळ आत गेलेली. मी खाली ओळ लिहून टाकली, ‘दुरुस्तीच्या काळातील छायाचित्र’. विटा दिसल्या म्हणजे दुरुस्ती, दुसरं काय असणार!

त्या घरात दोन भाऊ आणि त्यांच्या बायका राहत होत्या, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ दोघेही गेले. जावा हयात होत्या, आणि त्याही आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर, एका घरात. थोरल्या काकू आणि धाकट्या काकू. धाकट्या काकूंनी ऐंशी ओलांडली तरी त्या धाकट्याच. थोरल्या काकू ठणठणीत, चष्मा लावून अजून पेपर वाचणाऱ्या, जिभेला धार. धाकट्या काकूंची नजर गेली होती. सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि पावलांवरून माणूस ओळखायच्या.

कोणीही शहाणा माणूस आधी त्यांच्याकडे गेला असता. मी शेवटी जाणार होते. आधी कागद, मग माणसं, ही माझी शिस्त. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी म्हणजे कच्चा मजकूर, तो तपासायचा तर आधी आपल्या हाती काहीतरी पक्कं हवं, असं मी बहिणीला फोनवर ऐकवलंसुद्धा.

“ताई, काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ती म्हणाली.

“तुला संशोधनातलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणून तर मी समोरच्या घरात जाऊन विचारलं असतं.”

मी विषय बदलला.

घर ज्यांनी उतरवलं होतं, त्या माणसाचा पत्ता मला मिळाला. जुन्या दारं-खिडक्यांचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना दारवाले म्हणतात. नीट वाचा, ‘र’ला ऊकार नाही. त्या एका ऊकारावरून शेजारच्या पोरांनी त्यांच्या पाटीवर बरीच वर्षं हौस भागवून घेतली आहे. त्यांच्या दुकानात दारं नुसती उभी करून ठेवलेली, रांगेने, कुठेच न उघडणारी. मधल्या बोळातून वाट काढत मी आत गेले. गृहस्थांच्या बोटांत अंगठ्या, अंगाला अत्तराचा भपकारा, आणि तोंड एकदा सुटलं की सुटलं. मोठ्या घराचं विचारायला गेले, तर त्यांनी स्वतःच्या तरुणपणापासून सुरुवात केली. असली माणसं मला सोसत नाहीत. बराच वेळ ऐकून घेतल्यावर मी म्हटलं, “घराचं सांगा.”

त्यांनी मांडीवर थाप मारली. “अहो मॅडम, काय बाई होती ती! काय रुबाब, काय चालणं! मोठं घर मोडलं ते धाकटीनं. एकटीनं! नवरा इकडे, थोरला दीर तिकडे, आणि ही मधे उभी. दोघं नुसते बघत राहिले. तसलं काळीज मी पुन्हा बघितलं नाही.” आणि त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

ते डोळे मिटणं बघून मला जे कळायचं ते कळलं. नवरा इकडे, दीर तिकडे आणि ही मधे! रोज सकाळी दाराशी बसणाऱ्या त्या सुरकुतलेल्या बाईंचं असं काही असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“बसा हो, खरी गंमत तर पुढंच आहे,” दारवाले म्हणाले. तेवढ्यात पलीकडे कामगारांनी दार तासायचं यंत्र चालू केलं आणि भुश्याचा लोट आमच्या अंगावर आला. मी नाकाला रुमाल लावला.

“कळलं मला सगळं,” असं म्हणून मी उठले. हे वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

आमच्या भागातल्या ग्रंथालयाच्या भिंतीवर परिसराच्या इतिहासाचे फलक लागणार होते. मोठ्या घराचा फलक ग्रंथपालांनी माझ्यावर सोपवला होता, आणि तो तिथे कायमचा राहणार होता. मी मन लावून लिहिलं. शेवटाकडे एक ओळ होती, ‘मोठं घर धाकट्या सुनेने मोडलं.’ मजकूर फ्लेक्सवाल्याकडे गेलाही. मग जेवायला बसले असताना ती ओळ मला खटकली. ‘घर’ म्हणजे वास्तू की कुटुंब? वाचणाऱ्याचा घोटाळा होणार. संदिग्ध शब्द दिसला की माझे हात शिवशिवतात. तशाच खरकट्या हाताने मोबाइल धरून मी फ्लेक्सवाल्याला बोलून निरोप पाठवला आणि शब्द बदलून घेतला. ‘मोठ्या घरातला संसार धाकट्या सुनेने मोडला आणि त्यानंतर ती वास्तूही टिकली नाही.’ वाक्य कसं स्वच्छ झालं. मी स्वतःवर खूश होऊन जेवण संपवलं.

बहिणीला मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

“अगं, पण मग त्या दोघी जावा एका घरात कशा राहतात?” तिने विचारलं.

“थोरलीचा मोठेपणा. पोटात घातलं तिने सगळं.”

“पोट बरंच मोठं दिसतंय. जाऊन विचार की एकदा.”

“काय विचारू? काकू, तुम्ही संसार कसा मोडलात?”

आम्ही दोघी हसलो. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. जन्मभर मी दुसऱ्यांचे स्वल्पविराम सरळ करत बसले. आता कुठे माझ्या हाती माझी स्वतःची एक गोष्ट लागली होती आणि ती चांगली रसाळ होती.

त्यानंतर गल्लीतून जाताना मी पलीकडची बाजू धरू लागले. पण एकदा धाकट्या काकूंनी माझी पावलं ओळखलीच.

“थांबा हो जरा. मोठ्या घराचं लिहिताय म्हणे तुम्ही?”

“हो. असंच आपलं, थोडंसं.”

“मग या ना, बसा.” त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. चेहरा त्यांनी माझ्याकडे केला होता, पण जरा चुकून, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेले, इस्त्रीचे कपडे. मला वाटलं, बाई घाबरल्या आहेत. मला किती कळलंय याचा अंदाज घेताहेत.

“घाईत आहे. नंतर येईन,” मी म्हटलं. त्यांनी पिशवी परत खुर्चीवर ठेवली. एका म्हाताऱ्या बाईची मी कशी लाज राखली, याचं मनातल्या मनात कौतुक करत मी बसथांब्यापर्यंत गेले.

फलक लागले त्या दिवशी ग्रंथालयात गल्लीतली बरीच माणसं जमली. वाचनाची टेबलं भिंतीकडे सरकवून जागा केली होती. फ्लेक्सवाला शिडीवर चढून शेवटच्या फलकाला खिळे ठोकत होता. मी माझ्या फलकाजवळ अशा बेताने उभी होते, की खाली छापलेलं माझं नाव झाकलं जाऊ नये. दोन-चार जणांनी ‘वा, वा’ केलं होतं आणि मी ‘छे, छे’ म्हटलं होतं. आणि दारातून दोघी काकू आल्या. थोरल्या काकू पुढे, त्यांच्या दंडाला धरून धाकट्या काकू. ग्रंथपालांनी घरोघर निमंत्रणं टाकली होती, त्यात हेही एक घर होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी मनाची समजूत घातली, की एकीला दिसत नाही आणि दुसरी समजूतदार आहे, म्हणजे निभावेल.

“जाऊबाई, आधी आपल्या घराचं वाचा,” धाकट्या काकू म्हणाल्या.

थोरल्या काकूंनी चष्मा पुसला आणि शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली. टेकाड आलं, लांब रस्ता आला, विहीर आली. धाकट्या काकू एकेका शब्दाला मान डोलवत होत्या.

“विहिरीचं पाणी गोड होतं, ते लिहिलंय का?”

“नाही लिहिलेलं.”

“असू दे. त्यांना कसं कळणार? वाचा पुढे.”

“‘मोठ्या घरातला संसार,’” थोरल्या काकूंनी वाचलं, “‘धाकट्या सुनेने...’” त्या अडखळल्या. मग त्याच खणखणीत सुरात म्हणाल्या, “‘...सांभाळला.’”

“मोडला,” मी म्हटलं.

शब्द तोंडातून निसटला. कोणीतरी मजकूर मोठ्याने वाचतंय आणि एक शब्द वेगळा आला, एवढंच माझ्या डोक्याने टिपलं. आणि तेवढ्यावरही मी थांबले नाही. “सांभाळला नाही, मोडला आहे तिथे,” असं मी बोटाने दाखवून सांगितलं. मग मला थोरल्या काकूंचा चेहरा दिसला. त्यांच्या वाचण्यात काही चूक झालेली नव्हती. त्यांनी मुद्दाम वेगळा शब्द वाचला होता, शेजारच्या आंधळ्या बाईसाठी, आणि मी तो सगळ्यांदेखत दुरुस्त केला होता.

“काय मोडला?” धाकट्या काकूंनी विचारलं. त्यांनी थोरल्या काकूंचा दंड ओढला. “जाऊबाई, काय लिहिलंय?”

“काही नाही. चल, घरी जाऊ.”

“संसार?” त्या म्हणाल्या. “मी संसार मोडला? कोणाचा?”

थोरल्या काकू माझ्याकडे वळल्या. “कोणी लिहिलं हे?”

फलकावर माझं नाव होतंच, चांगलं ठळक. मला तेव्हा फक्त ‘मी’ एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, “छपाईची चूक झाली.”

या वाक्याची मला जन्मभर चीड होती. लेखक मंडळी कुठेही घसरली की हेच वाक्य फेकून मोकळी व्हायची, आणि मग मी त्यांना मूळ कागद दाखवून फाडून खायचे. आता तेच माझ्या तोंडून किती सहज आलं. वर मी पुस्ती जोडली, “मी ‘घर’ असं लिहिलं होतं. छापणाऱ्याने काहीतरी घोळ केला.”

हातोडी थांबली. फ्लेक्सवाला शिडीवरून खाली आला.

“ओ बाई, माझ्यावर कशाला ढकलताय? तुम्ही सांगितलं तेच छापलंय. ही सगळी माझी गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्यासमोर माझं नाव खराब करू नका. निरोप आहे ना तुमचा.”

“राहू दे,” मी म्हटलं. पण त्याने मोबाइल काढलाच, बोटाने वर-खाली करत निरोप शोधला आणि आवाज मोठा करून हात उंच धरला. ग्रंथालयाच्या त्या शांत खोलीत माझा आवाज घुमला. जेवता जेवता बोलत होते म्हणून मधे घास गिळल्याचंही ऐकू आलं.

“दादा, ‘घर’ काढा आणि ‘संसार’ घाला. घर मोडलं म्हटलं तर लोकांना भिंती वाटतील.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जमीन कसली घेतेय! गुळगुळीत फरशी होती आणि मी तिच्यावर उभी होते.

“भिंतीच तर मोडल्या मी,” धाकट्या काकू हळूच म्हणाल्या. “दुसरं काय मोडलं?”

थोरल्या काकूंनी फलकावरच्या छायाचित्रावर बोट आपटलं. “दुरुस्ती म्हणे! ही दुरुस्ती वाटते तुम्हाला? ही भिंत आमच्या नवऱ्यांनी घातली होती. ओसरीपासून थेट जेवणघरापर्यंत. जेवणाचं टेबलसुद्धा करवतीने मधोमध कापलं. सख्खे भाऊ, पण एकाचा आवाज दुसऱ्याला चालत नव्हता. घर माझंच, असं दोघंही म्हणायचे. आम्ही दोघी विहिरीवर गेलो की चोरून बोलायचो, तेवढंच. सासऱ्यांचा पोरांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी जाताना घर हिच्या नावावर केलं. ही तिथं राणीसारखी राहिली असती.”

“राहून काय करायचं होतं?” धाकट्या काकू म्हणाल्या. “एक दिवस दोघं कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आले, दाराच्या मालकीवरून. त्या दिवशी मी ठरवलं. त्या दारवाल्यांना बोलावलं आणि सांगितलं, पाडू नका, मोडा. पाडलं की सगळ्याची माती होते. मोडलं की दार दार राहतं, तुळई तुळई राहते. कुणाच्या तरी घराला लागते.”

“हिने घर मोडायला काढलं,” थोरल्या काकू म्हणाल्या, “आणि दोघं भाऊ हिला शिव्या द्यायला रोज तिथं येऊन उभे राहायचे. उन्हाचे दिवस. सावलीचं झाड एकच. आधी पाठीला पाठ करून उभे राहिले. मग कधीतरी ह्यांनी भावाकडे काडेपेटी मागितली.” त्यांनी छायाचित्रावरचं बोट काढलं. “ते घर मोडलं म्हणून आमचं घर राहिलं. आणि तुम्ही इथं भिंतीवर काय टांगलंय?”

मी म्हटलं, “माझी चूक झाली. दारवाल्यांचं अर्धंच ऐकून मी उठले.” आता म्हटलं. आता त्याला काय अर्थ होता? फ्लेक्सवाल्याचा हात अजून वर होता, तो त्याने खाली घेतला. ग्रंथपाल कोपऱ्यात पुस्तकं नीट लावू लागले, ती आधीच नीट होती.

धाकट्या काकू काही रागावल्या नाहीत. त्या एकदम थकल्यासारख्या दिसल्या. “चला, जाऊबाई,” एवढंच म्हणाल्या. दारापर्यंत गेल्यावर थोरल्या काकूंनी त्यांना कठड्याला धरून उभं केलं आणि परत माझ्याजवळ आल्या. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “भाऊ एक झाले, पण तिच्या नवऱ्याने तिला माफ केलं नाही. जाईपर्यंत एकच, तू माझं घर मोडलंस. तुम्ही लिहिताय असं कळलं तेव्हापासून रोज आवरून दाराशी बसायची ती. त्या येतील, मला विचारतील, म्हणायची. बाहेरच्या कोणीतरी एकदा म्हणावं, की बाई, तू बरोबर केलंस, एवढीच हौस होती तिला. मी म्हटलं होतं, नको नादी लागूस.”

त्या गेल्या. फलक काढायला मी फ्लेक्सवाल्याला सांगू धजले नाही. त्यानेच काढला आणि गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

रडले का? नाही. मी घरी जाऊन लिहायला बसले. दुसरं मला येतं काय? लाज वाटत होती आणि त्या लाजेला मी चांगलं कामाला जुंपलं. विहिरीचं गोड पाणी घातलं, कापलेलं टेबल घातलं, झाडाची सावली आणि काडेपेटी घातली. ‘धाकट्या सुनेने घर मोडलं आणि घर राखलं,’ असं लिहिलं आणि शब्द बदलला नाही. अगदी शेवटी ‘तिने केलं ते बरोबर केलं,’ हे वाक्य घातलं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. मी आयुष्यात लिहिलेलं ते सर्वांत चांगलं पान होतं. माझी खोड अशी, की त्या अवस्थेतही मला हे जाणवलं आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी खुर्ची नव्हती. मी कडी वाजवली. थोरल्या काकूंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि बाजूला झाल्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. आत खिडकीशी धाकट्या काकू बसल्या होत्या, घरातल्या कपड्यांत, केस मोकळे. मी समोरच्या स्टुलावर बसले.

“काकू, नवीन लिहून आणलंय. वाचून दाखवू?”

“वाचा.”

मी वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

“चांगलं लिहिता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “शेवटी काय म्हटलंय? बरोबर केलं?”

“हो. तुम्ही बरोबर केलं.”

“एक विचारू?”

“विचारा ना.”

“इतकी वर्षं गल्लीत रोज भेटतोय आपण. पाऊस-पाणी, दुखणी-खुपणी, सगळं बोललोय. त्या दारवाल्याचं अर्धं वाक्य ऐकलंत तुम्ही. ते ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल खरंच तसं वाटलं?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. छपाईची चूक म्हणण्याइतकंच सोपं होतं ते. थोरल्या काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

“हो,” मी म्हटलं. “वाटलं. आणि गंमतही वाटली.”

धाकट्या काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, “मग हे बरोबर केलं म्हणणं आता राहू द्या. ही तर भरपाई झाली. मला भरपाई नको होती.”

“मग फलक...”

“तो लावा. घराचा आहे तो, लावा. तेवढं वाक्य काढा.” त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला आणि या वेळी तो अगदी नेमका माझ्याकडे आला. “ह्यांनाही तसंच वाटायचं माझ्याबद्दल, शेवटपर्यंत. पण ते तोंडावर बोलायचे हो.”

मी ते वाक्य त्यांच्यासमोरच खोडलं. पेनचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा, कारण तो थांबल्यावर त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मी उठले. थोरल्या काकू दारापर्यंत आल्या. निदान त्यांनी तरी मला चार शिव्या द्याव्यात म्हणून मी उंबऱ्यात उगाच थांबले, चपलेचा बंद दोनदा लावला. त्यांनी वाट पाहिली, आणि मी बाहेर पडल्यावर आवाज न करता दार लावून घेतलं.